पुण्यातल्या रिकव्हरी सेंटरचं गरम-थंड पाणी: रेसनंतर पैसे वसूल, पॅकेज मात्र नको

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. लांब रेस झालीये, घाट उतरून आलाय, पाय भरून आलेत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठायचंय, तर एक सेशन घ्या, पैसे वसूल आहेत. पण काउंटरवर दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारायला बघतील ते घेऊ नका. आणि जिममध्ये मांड्या कमवायच्या मागे असाल तर लेग डेनंतर थंड टबात अजिबात बसू नका, का ते खाली लिहिलंय. सेंटरचं नाव टाकत नाही कारण तक्रारीही आहेत थोड्या, आणि तसंही बाणेर, औंध, कोरेगाव पार्क सगळीकडे आता हे पेव फुटलंय, मांडणी थोड्याफार फरकाने तीच, एक थंड टब, एक गरम टब, मध्ये रबरी मॅट, भिंतीला निळे लाइट आणि मागे बासरी.

मी गेले ती सातारा हिल मॅरेथॉननंतर. ज्यांनी ती पळलीये त्यांना वेगळं सांगायला नको, साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला पुढे जाऊन वळायचं आणि तोच घाट परत उतरायचा, हाफ म्हणजे 21 किमी. सगळे चढाला घाबरतात पण पायांची खरी वाट लावतो तो उतार. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो, त्यात बारीक बारीक इजा होतात, सूज येते आणि ते दुखणं लगेच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण रंगात येतं. जिना चढता येतो, उतरताना मात्र कठडा धरून खेकड्यासारखं आडवं उतरायचं. लोक म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलंय, तसं काही नसतं, पळताना स्नायूंत तयार होणारं हे लॅक्टेट तासाभरात आपोआप उतरतं, दोन दिवसांनी दुखायला ते शिल्लकच नसतं. सेंटरच्या भिंतीवर मात्र हातभर अक्षरात 'लॅक्टिक ॲसिड आणि टॉक्सिन्स फ्लश करा' असं आहे. कुठले टॉक्सिन्स म्हणून विचारलं तर तिथला मुलगा नुसता गोड हसला.

रेट 45 मिनिटांच्या स्लॉटचा 1200 रुपये. टॉवेल त्यांचा, कपडे आपले. बायकांसाठी वेगळी चेंजिंग रूम आहे, कडी नीट लागते, हुक भरपूर आहेत, हे मुद्दाम लिहितेय कारण बाकीचे रिव्ह्यू सगळे पुरुषांनी लिहिलेत आणि त्यात हे कुणीच सांगत नाही. टब मात्र कॉमन, म्हणजे स्लॉटमध्ये अजून दोघंतिघं असू शकतात, फक्त बायकांचा स्लॉट हवा असेल तर आधी फोन करावा लागतो. लेगिंग आणि फुल टी-शर्ट घालून बसलं तरी कुणी काही म्हणत नाही.

आता मुख्य गोष्ट. आधी शॉवर, मग गरम टब तीन मिनिटं, थंड एक मिनिट, परत गरम, असे चार-पाच राउंड आणि शेवट थंडावर. गरम पाणी 39 डिग्री, म्हणजे घरी आपण अंघोळीला काढतो साधारण तेवढंच, त्यात काही विशेष वाटत नाही, नुसतं छान वाटतं. थंडात पाय टाकला की मात्र कळतं पैसे कशाचे देतोय ते. गुडघ्यापर्यंत ठीक, मांड्यांपर्यंत ठीक, पोटाला पाणी लागलं की श्वास एकदम आत ओढला जातो आणि बाहेरच येत नाही, छाती धडधडायला लागते, पहिलं अर्धं मिनिट तर आपण इथे का आलो एवढंच डोक्यात. तिथला मुलगा बाजूला उकिडवा बसून 'ताई, श्वास सोडा, सोडा, ओढू नका, सोडा' एवढंच म्हणत राहतो, आणि खरंच तेवढंच करायचं असतं, कारण हा जो धक्का असतो तो अंगाला अचानक गार लागल्याचा असतो आणि मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो. मला सगळ्यात जास्त दुखली ती पायाची बोटं. मांड्या बधिर होऊन गप्प बसतात, बोटं मात्र ठणकतात, पुढच्या वेळी मी पाण्यात घालायचे रबरी मोजे मागून घेतले, असतात त्यांच्याकडे, पण आपणहून देत नाहीत. मग तिथून परत गरमात गेलं की त्याच बोटांना अशा काही मुंग्या येतात की पाणी उकळतंय की काय वाटावं, असतं तेच 39.

एक सांगते, गरम टबातून झटकन उभं राहायचं नाही. गरमात रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, बाहेर आलं की पाण्याचा अंगावरचा दाबही जातो, बीपी खाली येतं आणि डोळ्यापुढे अंधारी. आमच्या ग्रुपमधले एक काका दुसऱ्याच राउंडला मॅटवर बसले खाली. कठडा धरून सावकाश उठायचं. रेसनंतर लगेच जाणार असाल तर आधी पाणी, मीठ-साखर, काहीतरी पोटात गेलेलं पाहिजे.

थंड टबाच्या डिस्प्लेवर 8 डिग्री लिहिलेलं होतं. मी स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर घेऊन गेले होते (हसा), टबाच्या मधोमध 12 दाखवत होता. मुलगा म्हणाला डिस्प्ले चिलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा दाखवतो. असेल तसंही. माझी तक्रार गार कमी आहे ही नाहीच, कारण 10 ते 15 डिग्रीच पुरतं, बहुतेक अभ्यास त्याच टप्प्यात झालेत, त्याखाली जाऊन जास्त फायदा होतो असं काही नाही, जास्त हुडहुडी भरते एवढंच. तक्रार ही की मग 8 चा बोर्ड कशाला लावायचा, इन्स्टावर फोटो टाकायला? आणि अजून एक, पाण्यात दगडासारखं स्थिर बसलं की अंगाभोवतीचं पाणी जरा कोमट होतं आणि सहन व्हायला लागतं, हात-पाय हलवले की परत चटका. शूरवीर लोक मख्ख बसून फोटो काढतात ते त्यामुळे जमतं.

खरी तक्रार स्वच्छतेची आहे. सकाळच्या पहिल्या स्लॉटला पाणी काचेसारखं, क्लोरीनचा हलका वास, सगळं छान. रविवारी संध्याकाळी गेले तेव्हा गरम टबाची कड हाताला बुळबुळीत लागली आणि कोपऱ्यात फेस. थंड टबाचं एकवेळ चालेल, गरम टबात क्लोरीन कमी पडलं तर अंगावर पुरळ उठतं, जंतूंना तेवढं तापमान आवडतंच. फिल्टर आहे, ओझोन आहे असं सांगतात, पण क्लोरीन शेवटचं कधी तपासलं याची वही मागितली तर 'मॅनेजरकडे असते'. आणि मॅनेजर रविवारी नसतो! फॉर्मचंही तेच, बीपी आहे का, हार्टचा त्रास आहे का, डायबेटिस आहे का असे प्रश्न आहेत, पण टिक मारून सही केली की झालं, बीपीचं मशीन टेबलावर होतं पण कुणालाच लावलेलं बघितलं नाही. 1200 घेताय तर दोन मिनिटं पट्टा बांधा की राव. हार्टचा किंवा वाढलेल्या बीपीचा त्रास असेल, शुगरमुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल, थंडीत बोटं पांढरी पडत असतील, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टर, मग टब. तळपायाला फुटलेला फोड असेल तर तेवढे दिवस थांबाच, आपल्यासाठी पण आणि टबातल्या इतरांसाठी पण.

आता फरक पडतो का. पडतो, मला पडला, दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरले. अभ्यासही साधारण तेच सांगतात, आरोग्यावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2012 च्या रिव्ह्यूमध्ये 17 छोटे अभ्यास, 366 लोक एकत्र करून बघितले, नुसत्या आरामापेक्षा थंड पाण्यात बसणाऱ्यांना दुखणं कमी जाणवलं. गरम-थंड आलटून पालटून केलं तरी नुसत्या आरामापेक्षा बरंच, पण नुसत्या थंडापेक्षा फार काही वेगळं हाती लागत नाही, त्यामुळे दोन टबांचे जास्त पैसे लावतात ते मनाला आवडतं म्हणून द्या. मग मजा अशी की 2014 साली ऑस्ट्रेलियात काही जणांना थंड पाण्यात बसवलं आणि काही जणांना साध्या कोमट पाण्यात, त्या कोमट पाण्यात साधा स्किन क्लीन्झर टाकून सांगितलं की हे खास रिकव्हरी ऑइल आहे. रिकव्हरी दोघांची सारखीच! म्हणजे यातलं थोडं पाण्याचं, थोडं डोक्याचं. माझी हरकत नाही, मांडी दुखायची थांबली तर डोक्याने थांबवली तरी चालेल.

जिमवाल्यांसाठी मात्र गंमत नाही. 2015 चा जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमधला अभ्यास आहे, 12 आठवडे वजनं उचलली, प्रत्येक वेळी नंतर एका गटाने 10 मिनिटं 10 डिग्रीच्या पाण्यात बसायचं आणि दुसऱ्याने हलकी सायकल मारायची. थंडवाल्यांचे स्नायू आणि ताकद कमी वाढली. व्यायामानंतर स्नायूला आतून वाढायचा जो निरोप मिळत असतो तोच थंड पाण्याने मंदावतो. मी हे सेंटरमधल्या फिजिओ मॅडमना विचारलं तर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, 'हो, स्ट्रेंथच्या दिवशी मी स्वतः पण नाही बसत.' त्यांना फुल मार्क. पण मग काउंटरवर तेच पॅकेज जिमच्या पोरांना 'मसल ग्रोथ' म्हणून विकतात, त्याचं काय?

घरी करायचं का असंही बरेच जण विचारतात. गरम तर फुकटच आहे, बादली आणि गीझर. कोकणात जाणं झालं तर अरवली नाहीतर तुरळ-राजवाडीची कुंडं मुंबई-गोवा हायवेच्या जवळच आहेत, तिथे पाय सोडून बसा, गंधकाचा वास मात्र पोह्यांच्या आधी सोसायची तयारी ठेवा. थंडाचं गणित बसत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पुण्यात 25 डिग्री धरलं तरी ड्रममधलं 150 लिटर 12 वर आणायला 20-22 किलो बर्फ लागतो, म्हणजे लादी आणा, फोडा, तिसऱ्या मजल्यावर चढवा, तेही दुखऱ्या पायांनी. मी फक्त पोटऱ्यांपुरती बादली करते, फ्रीजच्या बाटल्या ओतून, मांड्यांना त्याचा उपयोग शून्य. हवेचे टब मिळतात ऑनलाइन, मैत्रिणीने घेतलाय, त्यात सध्या तिचा मुलगा खेळतो.

जाणार असाल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या, शक्यतो आठवड्यातला, रविवारी संध्याकाळी सगळं पुणे लाँग रन करून तिथेच आलेलं असतं. जुना ड्रेस घाला, क्लोरीनने रंग जातो. रबरी मोजे मागा. पार्किंग टू-व्हीलरला आहे, कार बाहेर गल्लीत लावावी लागते. आणि पॅकेज घ्यायचंच ठरवलं असेल तर व्हॅलिडिटी विचारून घ्या, मला सांगितली ती तीन महिन्यांची होती, तीन महिन्यांत दहा घाट कोण उतरतं?