घरच्या जिममधील दंडांची साधने : कशाला जागा द्यावी आणि कशाला नाही

डंबेलची एक जोडी, एक सरळ बार, थोड्या प्लेट्स आणि पाठ वर-खाली करता येणारा बेंच एवढी जमवाजमव झाली की घरी व्यायाम करणाऱ्याची नजर हमखास दंडांच्या खास साधनांकडे वळते. कर्ल (कोपर वाकवून वजन वर उचलणे) या व्यायामाचा कर्ल रॉड, प्रीचर बेंच, वायर ओढण्याची पुली, गळ्यात अडकवायचा आर्म ब्लास्टर, जाड ग्रिप, मनगटाचा रोलर अशी ही यादी लांबतच जाते. यांपैकी प्रत्येक साधन दंडाचा स्नायू ‘वेगळा काढून’ घडवते, असा दावा त्याची जाहिरात करते. ही सगळी साधने मी घरी वापरली आहेत आणि त्यांच्याबद्दल मत देताना एकच कसोटी लावली आहे : साध्या डंबेलने जे होत नाही, असे काही हे साधन करते का, आणि करत असेल तर ते अडवत असलेल्या जागेला ते साजेसे आहे का?

या कसोटीसाठी थोडी शरीररचना लक्षात घ्यावी लागते. कोपर वाकवण्याचे काम दंडाच्या पुढच्या बाजूचा बायसेप्स एकटा करत नाही. त्याच्या खाली ब्रेकियालिस असतो आणि हाताच्या बाहेरच्या बाजूने ब्रेकिओरेडियालिस मदतीला येतो. बायसेप्स खांद्याच्या फऱ्यापासून निघून कोपराखालच्या रेडियस या हाडाला जुळत असल्यामुळे तो कोपर वाकवतोच, शिवाय तळहात वरच्या दिशेला फिरवतो. ब्रेकियालिस मात्र अल्ना या न फिरणाऱ्या हाडाला जोडलेला असल्याने तळहात कोणत्याही बाजूला असला तरी तेवढ्याच निष्ठेने राबतो. मागच्या बाजूचा ट्रायसेप्स आकाराने बायसेप्सपेक्षा मोठा असतो, आणि त्याच्या तीन शीर्षांपैकी (म्हणजे वरच्या टोकाकडच्या भागांपैकी) लांब शीर्ष तेवढे खांद्याचा सांधा ओलांडून फऱ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे हात वर नेला की ते ताणले जाते. स्नायू ‘वेगळा काढणे’ म्हणून जे सांगितले जाते ते शब्दशः शक्य नसते. साधन दोनच गोष्टी बदलू शकते : हालचालीच्या कोणत्या टप्प्यावर वजन सर्वांत जड पडते, आणि मनगट-कोपर कोणत्या कोनात राहतात.

कर्ल रॉडपासून सुरुवात करणे योग्य, कारण या साऱ्यांत निर्विवाद उपयोगाची वस्तू तीच आहे. मधोमध नागमोडी वळणे असलेल्या या रॉडचे पेटंट अमेरिकेतील लुईस डायमेक यांना 1950 साली मिळाले आणि तेव्हापासून त्याच्या आकारात फारसा फरक पडलेला नाही. बहुतेकांचा हात सरळ सोडल्यावर कोपरापासून पुढचा भाग किंचित बाहेरच्या बाजूला झुकलेला असतो. सरळ बार धरताना दोन्ही तळहात पूर्ण वर वळवून एका रेषेत आणावे लागतात आणि त्याचा भार मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूवर पडतो. कर्ल रॉडच्या वळणांमुळे तळहात थोडे आतल्या बाजूला कलतात आणि ही ओढ कमी होते. त्या बदल्यात बायसेप्सच्या तळहात फिरवण्याच्या कामाला थोडी कात्री लागते आणि ब्रेकियालिस व ब्रेकिओरेडियालिस यांचा वाटा वाढतो. मनगट न दुखता सेट पूर्ण होत असेल तर हा सौदा मला तरी मान्य आहे. पडून केल्या जाणाऱ्या ट्रायसेप्सच्या व्यायामात तर सरळ बारपेक्षा हा रॉड स्पष्टपणे सरस ठरतो.

विकत घेताना तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. पहिली म्हणजे टोकांची जाडी : घरात 25 ते 28 मिलिमीटरच्या रॉडसाठीच्या प्लेट्स असतील तर 50 मिलिमीटर जाडीच्या टोकांचा रॉड काहीच कामाचा नाही. दुसरी म्हणजे टोके फिरतात की नाही. सलग लोखंडाच्या स्वस्त रॉडमध्ये ती फिरत नाहीत. त्यामुळे रॉड वर येताना प्लेट्सची फिरण्याची जडता थेट मनगटाला जाणवते. हलक्या वजनाला हे खपून जाते, मात्र वजन वाढले की खटकू लागते. तिसरी म्हणजे खरखरीत पट्टे नेमके वळणांवर आहेत का, कारण काही रॉडमध्ये ते मधल्या सरळ भागावर असतात आणि हात जिथे येतो तो भाग गुळगुळीत चकचकीत राहतो. याशिवाय रॉड काट्यावर ठेवून त्याचे खरे वजन एकदा लिहून ठेवावे. असे रॉड सर्वसाधारणपणे 5 ते 10 किलोंच्या दरम्यान भरतात आणि हा फरक दंडाच्या व्यायामात दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

प्रीचर बेंचबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण घरच्या जिममध्ये सर्वांत जास्त हौसेने आणले जाणारे आणि तितक्याच लवकर कपडे वाळत घालण्याच्या कामी येणारे साधन तेच आहे. 1965 आणि 1966 या शरीरसौष्ठवाच्या पहिल्या दोन मिस्टर ऑलिम्पिया स्पर्धा जिंकणाऱ्या लॅरी स्कॉट यांनी हा व्यायाम लोकप्रिय केला आणि त्यावरून याला स्कॉट बेंच असेही म्हणतात. तिरक्या गादीवर दंड टेकवून कर्ल केल्यामुळे कोपर मागे-पुढे सरकत नाही आणि कमरेने झोका देऊन वजन उचलण्याची सोय उरत नाही. पण त्याचा खरा गुण याहून वेगळा आहे. उभे राहून कर्ल करताना हात सरळ खाली असतो तेव्हा कोपरावर वजनाचा भार जवळजवळ शून्य असतो आणि कोपर काटकोनात आले की तो कमाल होतो. 45 अंशांच्या गादीवर मात्र हात पूर्ण सरळ असतानाच कमाल भाराच्या सुमारे 70 टक्के भार पडलेला असतो, कोपर थोडे वाकून पुढचा हात जमिनीला समांतर आला की तो शिखर गाठतो, आणि वर जाताना इतका ओसरतो की शेवटच्या टप्प्यात वजन हातावर नुसते उभे राहते. म्हणजे स्नायू ताणलेला असताना सर्वांत जास्त कष्ट, ही या बेंचची खासियत आहे. उभ्या कर्लमध्ये ती कितीही मन लावून केली तरी मिळत नाही.

याच खासियतीत त्याचा धोकाही दडलेला आहे. उभ्या कर्लला झेपणारे वजन तसेच्या तसे इथे लावले, तळाशी हात झटकन सोडला आणि तिथून हिसका देऊन वर उचलले, तर कोपराजवळच्या बायसेप्सच्या कंडरेवर नको तेवढा ताण येतो. ही कंडरा तुटण्याच्या दुखापती बहुधा हात सरळ होत असताना वरून जड भार आल्यानेच होतात. म्हणून वजन स्पष्टपणे कमी ठेवावे, खाली येताना सावकाश यावे आणि तळाशी क्षणभर थांबून मगच वर निघावे. तळाच्या टप्प्यावर नियंत्रण राहत नसेल, तर ते वजन या बेंचसाठी जास्त आहे असे समजावे, मग उभ्याने त्याचे कितीही सेट होत असोत.

आता घरासाठी मिळणाऱ्या बेंचच्या घडणीविषयी. व्यावसायिक जिममधला प्रीचर बेंच जड आणि रुंद पायांचा असतो. घरगुती बेंच जागा वाचवण्यासाठी हलका आणि अरुंद केलेला असतो, आणि त्याचे बहुतेक दोष इथूनच सुरू होतात. भरलेला रॉड पुढच्या हुकांवर ठेवला की वजन पायांच्या पुढे जाते. बसलेला माणूस उठला रे उठला की सगळा बेंच पुढे झुकतो. मी वापरलेल्या एका बेंचला मागच्या पायावर प्लेट ठेवल्याशिवाय रॉड ठेवण्याची हिंमत होत नसे. दुसरा दोष गादीचा. रेक्झिनखालचा फोम मऊ असेल तर काही महिन्यांतच तो दबतो आणि कोपराचे हाड थेट प्लायवूडवर टेकू लागते. दुकानात अंगठा जोराने दाबून पाहावा. खालची फळी बोटाला लागली तर तो बेंच सोडून द्यावा. तिसरा दोष उंचीचा. गादीची वरची कड काखेत नीट बसली पाहिजे. बैठक खाली राहिली तर खांदे कानांपर्यंत चढतात आणि जास्त वर गेली तर दंडाचा वरचा भाग गादीला टेकतच नाही, म्हणजे ज्यासाठी बेंच घेतला तेच हुकते. बैठक निदान चार-पाच टप्प्यांत वर-खाली होत नसेल, तर एकाच घरातल्या दोन वेगळ्या उंचीच्या माणसांना तो बेंच कधीच जमणार नाही.

या साऱ्यावर एक सोपा पर्याय बहुतेकांच्या घरात आधीच असतो, आणि तो विक्रेते सांगत नाहीत हे समजण्यासारखे आहे. पाठ वर-खाली होणारा बेंच तिरका करून त्याच्या मागे उभे राहावे, पाठीच्या टेकणीवर एक दंड टेकवावा आणि डंबेलने एकेका हाताचा कर्ल करावा. भाराचा आलेख अगदी प्रीचर बेंचसारखाच मिळतो. त्याच बेंचवर पालथे पडून हात सरळ खाली लोंबत सोडले, तर वर आल्यावरही भार टिकून राहणारा दुसरा प्रकार मिळतो. टेकणीवरच्या पहिल्या प्रकारात दोन्ही हातांना एकत्र रॉड लावण्याची सोय नसते आणि एकेक हात करण्यात वेळ दुप्पट जातो, एवढीच उणीव. त्यामुळे तिरका होणारा बेंच ज्यांच्याकडे आहे त्यांना स्वतंत्र प्रीचर बेंच घ्या असे मी सुचवणार नाही. ज्यांच्याकडे पुरेशी मोकळी जागा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण जड आणि रुंद पायांचाच.

पुलीकडे लोक चैन म्हणून पाहतात. माझ्या मते कर्ल रॉडनंतर खर्च करण्याजोगी वस्तू तीच आहे, आणि त्याचे कारण बायसेप्स नसून ट्रायसेप्स आहे. डंबेलने ट्रायसेप्सचा व्यायाम करताना भार नेहमी खालच्याच दिशेने असतो, त्यामुळे त्यासाठी शरीर आडवे-तिरके करत बसावे लागते. पुलीत वायर जिकडून येते तिकडे भार असतो. लांब शीर्षासाठी हात डोक्यावर नेऊन करायचा व्यायामही पुलीकडे पाठ करून सहज जमतो. एका अभ्यासात 12 आठवडे एक हात डोक्यावर ठेवून आणि दुसरा शरीरालगत ठेवून कोपर सरळ करण्याचा व्यायाम दिला गेला होता, आणि डोक्यावरच्या हाताच्या ट्रायसेप्सची वाढ अधिक झाल्याचे दिसले. डंबेलनेही हे करता येते, पण थकलेल्या हाताने डोक्यामागे जड डंबेल नेणे आणि तिथून परत आणणे हे एकट्या माणसासाठी फारसे सुखाचे नसते.

घरगुती पुली संच म्हणजे एक चाक, प्लास्टिकचे आवरण असलेली वायर, खाली प्लेट्स अडकवायची दांडी आणि हातात धरायचा दोर. यात सर्वांत महत्त्वाचे चाक असते, आणि बेअरिंग नसलेले चाक घेऊ नये. चाक घासत असेल तर वर ओढताना वजन जड लागते आणि सोडताना हलके, म्हणजे सावकाश खाली सोडण्याच्या टप्प्याचा निम्मा लाभ घर्षणच खाऊन टाकते. प्लेट्सची दांडी मोकळी लोंबत असल्याने त्या झुलतात. दोन्ही पायांत थोडे अंतर ठेवून, ओढ सरळ रेषेत ठेवली की झुलणे आटोक्यात येते. चाक कशाला टांगायचे, यावर मात्र तडजोड नको. दाराच्या चौकटीत नुसते दाबून बसवलेले पुल-अप बार माणसाचे स्थिर वजन पेलतात म्हणून झटक्यांचा भारही पेलतील असे नाही. स्क्रूने घट्ट केलेला बार किंवा जमिनीवर उभा राहणारा रॅक हाच खरा आधार. वायरचे आवरण चाकापाशी तडकलेले दिसले की ती वायर त्याच दिवशी बदलावी.

आर्म ब्लास्टरबद्दल थोडक्यात. पोटासमोर येणारी, दोन्ही बाजूंना कोपरांसाठी वळवलेली ॲल्युमिनियमची ही पट्टी 1970 च्या दशकातील आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झाली. ती कोपरे स्थिर ठेवते यात शंका नाही. पण पाठ भिंतीला टेकवून, दंड भिंतीला चिकटवून कर्ल केले की जवळजवळ तेच साधते, आणि गळ्यातला पट्टा मानेला काचत नाही. वजन वाढले की हा पट्टा मानेवर असा रुततो की दंड थकण्याआधी मान तक्रार करू लागते. अंगाने बारीक माणसाच्या तर कोपरांची जागाच या पट्टीशी जुळत नाही.

जाड ग्रिप म्हणजे साधारण 28 मिलिमीटरच्या बारवर चढवायचे रबरी आवरण, ज्याने पकड 50 मिलिमीटर किंवा त्याहून जाड होते. त्याने बायसेप्स वाढतो ही समजूत चुकीची आहे. पकड आधी सुटते, वजन कमी करावे लागते आणि बायसेप्सच्या वाट्याला उलट कमीच काम येते. पंजा आणि पुढच्या हातासाठी मात्र ही वस्तू छोटी आणि गुणी आहे. खिशात मावणाऱ्या साधनाकडून याहून जास्त काय मागायचे? अंगावर वजन येईल अशा, पडून करायच्या व्यायामात ती वापरू नये एवढेच पथ्य. दोरीने टांगलेली प्लेट दांडी फिरवत गुंडाळून वर आणायचा मनगटाचा रोलरही असाच उपयोगी आहे, पण हात पुढे ताठ धरून तो फिरवण्याच्या प्रचलित पद्धतीत मनगटाआधी खांदेच थकतात. रोलर रॅकच्या दांड्यांवर टेकवून किंवा कोपरे शरीराला लावून फिरवला की 2.5 किलोची प्लेटसुद्धा पुरेशी ठरते.

या साधनांच्या यादीत क्वचितच दिसणारी, पण मी सर्वांत आधी सुचवीन ती वस्तू म्हणजे अर्धा किलोच्या प्लेट्सची जोडी. साध्या संचातली सर्वांत लहान प्लेट 1.25 किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना लावल्यावर एका झटक्यात 2.5 किलो वाढतात. 100 किलोच्या स्क्वॉटमध्ये हे कळतही नाही, पण 20 किलोच्या कर्लवर ती साडेबारा टक्के वाढ असते आणि दंडासारख्या लहान स्नायूला ती पेलत नाही; मग माणूस कमरेचा झोका देऊ लागतो आणि कोपर स्थिर ठेवणाऱ्या साधनांच्या शोधात निघतो. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट्सनी हीच वाढ पाच टक्क्यांवर येते. त्या मिळत नसतील तर घोट्याला बांधायची वाळूची हलकी पट्टी रॉडच्या मधोमध, दोन्ही हातांच्या बरोबर मध्ये गुंडाळावी; ती घट्ट बसते, तोलही ढळत नाही.