लक्झरी क्रूझ: तीन सफरींनंतरचा अनुभव, पहिल्यांदा निघणाऱ्या नाशिककरांसाठी

गेल्या दहा महिन्यांत आमच्या गटाच्या तीन सफरी झाल्या: एक सिंगापूरहून, एक भूमध्य समुद्रात, एक मुंबईहून. गटात तिशीतल्यांपासून सत्तरीपर्यंतची माणसं. तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसली. जहाजावरचं जेवण, खोली, सेवा यांत फारसं काही चुकत नाही. चुकतं ते चढण्याआधी कागदांत आणि बंदरात उतरल्यावर घड्याळात. म्हणून इथे स्विमिंग पूल आणि नाटकघराचं वर्णन नाही. ते माहितीपत्रकात मिळेल.

आधी ‘लक्झरी’ या शब्दाबद्दल. हल्ली तो प्रत्येक जाहिरातीत असतो, त्यामुळे तो बाजूला ठेवा आणि एक भागाकार करा. जहाजाचं ग्रॉस टनेज भागिले प्रवासीसंख्या. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. भागाकार जितका मोठा, तितकी माणशी जागा जास्त. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज २,४८,६६३ टनेजचं आहे आणि एका खोलीत दोघं धरली तर त्यावर ५,६१० प्रवासी मावतात. भागाकार येतो ४४. ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ जेमतेम ५५ हजारांचं, पण प्रवासी साधारण ७५०, म्हणजे ७३ च्या घरात. मुंबईहून सुटणारं ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेलं, ४८,५६३ टनेजचं. त्याचा आकडा तिसाच्या आसपास राहतो. हा आकडा म्हणजे प्रत्यक्षात काय? सकाळी नऊला नाश्त्याचं टेबल मिळायला किती वेळ लागेल, लिफ्टपाशी किती जण उभे असतील आणि डेकवर शांतपणे बसायला खुर्ची मिळेल का, हे. मुंबईची सफर जरूर करा. समुद्र आपल्याला मानवतो का हे तीन दिवसांत कमी खर्चात कळतं. फक्त तिला लक्झरी समजून जाऊ नका.

दुसरा प्रश्न, भाड्यात काय काय आलं. मोठ्या अमेरिकन जहाजांवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप खात्यावर चढते आणि पेयांच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं. खऱ्या लक्झरी कंपन्यांच्या भाड्यात टिप आणि बहुतेक पेयं धरलेली असतात, काहींत बंदरावरच्या सहलीसुद्धा. म्हणून नुसत्या भाड्यांची तुलना करू नका. सात रात्रींसाठी दोघांची टिप, इंटरनेट आणि तीन सहली मिळवा, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. अंतर बरंच कमी होतं, कधी कधी मिटतंच. एकट्यानं जाणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी दोघांच्या खोलीचं जवळजवळ पूर्ण भाडं पडतं, तेही आधीच विचारून घ्या. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वेगळा घेतला जातो. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात, पण त्यासाठी पॅन बरोबर नोंदलेला हवा आणि आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत ती रक्कम दिसायला हवी. भरणा झाल्यावर तिमाही उलटली की एकदा तपासा.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर सगळं लिहिलं जातं आणि त्यामागे तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं असतं. इथे क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं की कंपनी अंदाजानं रक्कम अडकवून ठेवते आणि सफर संपल्यावरही ती मोकळी व्हायला कित्येक दिवस जातात. तेवढ्यात पुढच्या शहरात हॉटेलचे पैसे द्यायची पंचाईत होते.

खोली निवडताना बाल्कनीपेक्षा जागा महत्त्वाची. जहाज मध्याभोवती डोलतं, त्यामुळे मधली आणि खालच्या डेकवरची खोली सर्वांत कमी हलते. अगदी पुढच्या टोकाला लाटा आपटल्याचे धक्के जाणवतात आणि बंदरात नांगर टाकताना साखळीचा खडखडाट पहाटे उठवतो. नकाशात आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे प्रवाशांच्याच खोल्या असतील तर उत्तम. वर पूल डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली नाटकघर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. स्वस्तात मिळणारी ‘गॅरंटी’ खोली म्हणजे प्रकाराची हमी, जागेची नव्हे. ज्यांना गाडीत कसारा घाटातही मळमळतं त्यांनी ती घेऊ नये.

मळमळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्धी सफर त्यात वाया गेलेले लोक पाहिले आहेत. जहाजाला बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच आवरतात, पण पुढे-मागे होणारी झुलवणूक त्यांना थांबवता येत नाही. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण तोवर पोट काम थांबवतं आणि गोळी वर येते. निघण्याआधी तासभर, आणि समुद्र खवळलेला असेल असं सांगितलं असेल तर आदल्या रात्री. आपल्याकडे बहुतेकांना माहीत असलेली ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. तिनं झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे नक्की विचारा. बाकी उपाय साधे: क्षितिजाकडे बघा, खोलीत पडून मोबाइल बघू नका, पोट रिकामं ठेवू नका. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्राचं नाव काढू नका.

आता खोलीतलं प्लग पॉइंट. ही बाब कुणी सांगत नाही आणि सामानातल्या वस्तू जप्त होतात त्या यामुळेच. बहुतेक खोल्यांत टेबलापाशी एक-दोनच सॉकेट असतात, एक अमेरिकन चपट्या पायांचं ११० व्होल्टचं आणि एक युरोपियन गोल पायांचं २२० व्होल्टचं. आपला बारीक गोल दोन पायांचा चार्जर युरोपियन सॉकेटमध्ये बसतो, तीन पायांचा मोठा प्लग बसत नाही. मग लोक घरून एक्स्टेंशन बोर्ड नेतात, आणि तो चढतानाच काढून घेतला जातो. यात कारण आहे. घरी वायरिंगमध्ये एक तार न्यूट्रल असते, ती जमिनीला जोडलेली. जहाजावर बहुतेक ठिकाणी दोन्ही तारांत दाब असतो आणि कुठलीच थेट जमिनीला, म्हणजे जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली नसते. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे वाढलेल्या विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग, बोर्डात असेल तर तो मात्र तारेपासून सांगाड्याकडे वाट काढून देतो. जहाजात दुसरीकडे कुठे गळती झाली की तो तापतो आणि पेट घेऊ शकतो. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते. म्हणून बोर्ड नको. दोन-तीन यूएसबी तोंडांचा साधा चार्जर आणि एक युरोपियन ॲडाप्टर पुरतो. याच कारणानं इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांपैकी काहीही चालत नाही. रोजची पूजा असेल तर छोटी मूर्ती किंवा फोटो न्या, दिवा घरीच ठेवा. भिंती बहुधा पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे चार-सहा हुक नेले तर ओले कपडे आणि टोप्या टांगायला फार उपयोगी पडतात.

कागदपत्रांत मराठी माणसाची ठरावीक चूक असते ती नावाची. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं एकत्र असतात, तिकिटावर मात्र एजंट फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकतो. क्रूझचं बुकिंग, विमानाचं तिकीट आणि व्हिसा या तिन्हींवर पासपोर्टमधली अक्षरं जशीच्या तशी हवीत. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

व्हिसा बंदरांच्या यादीवरून ठरवा, देशावरून नव्हे. भूमध्य समुद्रातल्या मार्गात इस्तंबूल किंवा मॉन्टेनेग्रोचं कोटोर असेल तर जहाज शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडून पुन्हा आत येतं, म्हणजे एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तिथे ही अडचण नाही. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं असेल तर व्हिसावर अनेकदा प्रवेशाची परवानगी आहे ना ते वाचा, आणि एसजी अरायव्हल कार्ड प्रत्येक प्रवेशाआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरा. परतीचं कार्ड लोक हमखास विसरतात, मग ते जहाजाच्या महागड्या इंटरनेटवर भरावं लागतं. सिंगापूरला क्रूझची दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीत बसण्याआधी बोर्डिंग पासवरचं नाव मोठ्यानं वाचा.

विमा घेताना पॉलिसीत क्रूझ धरलेली आहे का आणि समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च त्यात येतो का, हे दोन प्रश्न विचारा. मधुमेह, रक्तदाब लपवू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं आणि ते आधी आपणच भरायचं असतं.

बंदराची नावं फसवी असतात. जाहिरातीतलं ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, शहरापासून जवळपास ८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, ‘लंडन’ म्हणजे साउदॅम्प्टन, ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग. दिवसातले तीन-चार तास नुसते ये-जा करण्यात जातात. व्हेनिसमध्ये २५ हजार टनेजवरच्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून शहरासमोरच्या कालव्यात येऊ देत नाहीत, त्यामुळे जुन्या फोटोंतलं ते दृश्य आता मोठ्या जहाजावरून दिसणार नाही.

घड्याळाचा नियम कडक आहे. ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. मोबाइल स्वतःहून स्थानिक वेळ लावतो, आणि दोन्हींत एक तासाचा फरक असू शकतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लांबच्या शहरासाठी जहाजाची सहल घ्या, बंदराला लागूनच शहर असेल तर पायी फिरा. पासपोर्ट जहाजाच्या ऑफिसात ठेवला असेल तर त्याची झेरॉक्स खिशात हवी.

काही ठिकाणी धक्काच नसतो. जहाज नांगरावर उभं राहतं आणि टेंडर नावाच्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. ही बोट लाटेबरोबर फूट-दीड फूट वर-खाली होते. दारात उभा असलेला खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याची बोटं धरू नका. त्याच्या कोपराखालचा हात धरा, तो तुमचा तसाच धरेल, आणि तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच, बोट वर आलेली असताना, पाऊल टाका. हातात पिशवी नको, सॅक पाठीला. साडी नेसायची असेल तर नऊवारी किंवा घोट्याच्या वर. सांतोरिनीला उतरल्यावर वर शहरात जायला केबल कार आहे, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. वणीच्या गडावर ट्रॉलीसाठी जशी रांग लागते तशी इथेही लागते, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या टेंडरनं निघा आणि परतीला दीड तास हाताशी ठेवा.

शाकाहारींना उपाशी राहावं लागत नाही, पण ‘व्हेज’ एवढंच सांगून भागत नाही. सूपमध्ये कोंबडीचा रस, थाई पदार्थात माशाचा सॉस, पुडिंगमध्ये जिलेटिन, केकमध्ये अंडं हे त्यांच्या लेखी मांस नसतं. बुकिंग करताना लिहून द्या, आणि चढल्या दिवशी दुपारीच मुख्य डायनिंग हॉलच्या प्रमुखाला भेटून नक्की काय चालत नाही ते एकेक सांगा. जैन जेवण असेल तर दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्रीच ठरवून घ्या. इतकं केलं की वरण-भात, फुलके, दोन भाज्या आनंदानं करून देतात. उपासाला फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मिळतो, साबुदाणा नाही. घरचे लाडू चढतानाच बाजूला काढले जाऊ शकतात, कंपनीचं सीलबंद चिवड्याचं पाकीट सहसा चालतं. बंदरावर उतरताना मात्र खाण्याचं काहीच बरोबर नको. जेवणाआधी साबणानं वीस सेकंद हात धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरेसं नाही.

औपचारिक रात्रीसाठी सूट विकत घेऊ नका. शेरवानी किंवा बंदगळा पूर्णपणे चालतो आणि येवल्याच्या पैठणीला तर दाद मिळतेच.

चढल्यावर होणारी मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याची तालीम, टाळू नका. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा इशारा. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसं गेली, तेव्हा अलीकडेच चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. आता ती निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक आहे. आपलं मस्टर स्टेशन जिन्यानं चालत जाऊन पाहून या, लिफ्टनं नव्हे. आणि जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं मोबाइल नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर रोमिंगचं बिल हजारांत येतं.

मुंबईहून निघायचं असेल तर सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी नाशिकरोडहून पकडली की अकराच्या आत सीएसएमटी, आणि तिथून बंदर टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर. चेक-इनची वेळ दुपारची असेल तर हे जमतं. परदेशातून निघणाऱ्या जहाजासाठी मात्र एक दिवस आधीच त्या शहरात पोहोचा. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या संध्याकाळी दाराशी येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. शेवटच्या रात्री हेच उलटं होतं: दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावरच भेटतात. दर सफरीत कुणीतरी सकाळचे कपडे आणि बूटसुद्धा त्यात भरून टाकतं. जहाज सकाळी सहा-सातला लागलं तरी उतरायला साडेनऊ होतात. विमान दुपारी एकनंतरचं घ्या. मुंबईत उतरत असाल तर परतीला सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाची पंचवटी आहे, तिचं आरक्षण सफरीच्या तिकिटाबरोबरच करून ठेवा.