कंपनीचं पेलेट की घरचा भरडा? खानापुरात एक उत्तर, अथणीत दुसरं

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. बेळगाव जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, अथणीत, तेव्हा लोक पावसाची वाट बघत असतात. म्हणून गिरिराजा (परसातली कोंबडी) किंवा लेयर (अंड्यांची कोंबडी) पाळणारा कुणी, कंपनीचं पेलेट म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या घ्याव्या की घरी दाणा भरडून खाद्य करावं, असं विचारायला आला की मी आधी त्याचं गाव विचारतो. करारावर ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) करणाऱ्यांना निवड नसतेच, खाद्य कंपनीच पाठवते. त्यांनी मी शेवटी साठवणीबद्दल लिहिलंय तेवढं बघावं.

खाद्यातून येणारी संकटं दोन, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिलं संकट जिवाणूंचं, मुख्यतः साल्मोनेलाचं. कोरड्या खाद्यात तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरतो. मासळीची पूड आणि हाडामांसाची पूड या त्याच्या जुन्या वाटा, पेंडीतूनही येतो. पेलेट करताना खाद्य वाफेवर साधारण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवतात आणि त्यात बहुतेक जिवाणू मरतात. घरच्या भरड्याला ही आच मिळत नाही. इथे पेलेट सरळ वरचढ आहे, यात वाद नको. घरी भरडायचंच असेल तर मासळीची पूड सोडा आणि सोयापेंडीवर भागवा. मात्र घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते न भाजता कोंबडीला पचत नाही.

दुसरं संकट बुरशीच्या विषाचं, आणि खरी काळजी मला याचीच वाटते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं. आपल्याकडे भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. हे विष पेलेटच्या आचेने जात नाही. बुरशी मरते, विष तसंच राहतं. शिवाय पेलेट झाल्यावर आत कसला मका गेला ते दिसत नाही. घरच्या भरड्यात दाणा आपल्या हातात असतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

पण दाणा बघता आला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी मका घेतला, पिवळाधमक. पोत्यात हात घातला तेव्हा आत ऊब लागली होती, ती मी मनावर घेतली नाही. मळणीच्या वेळी परतीचा पाऊस झालेला होता. पंधरवड्यात अंडी घटली, तुरे फिके पडले. मेलेल्या कोंबड्यांची कलेजी पिवळट, हाताला ठिसूळ. लसी वेळेवर दिल्या होत्या, तरी एकामागून एक आजार लागले, कारण हे विष प्रतिकारशक्तीच खाऊन टाकतं.

तेव्हापासून मी मिठाची परीक्षा घेतो. काचेच्या कोरड्या बाटलीत मक्याचे दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून जोरात हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, माल परत. साठवायला १२-१३ टक्के हवा. मका अख्खाच ठेवा, भरडा आठवड्यापुरताच करा. लेयर दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे २०० कोंबड्यांना आठवड्याला दीड क्विंटल पुरतो.

टॉक्सिन बाइंडरवर, म्हणजे विष धरून ठेवायला खाद्यात मिसळतात त्या पदार्थावर, विसंबून ओला मका घेणारे मी पाहतो, ते मला पटत नाही. बेंटोनाइट मातीचा बाइंडर अफ्लाटॉक्सिन चांगलं धरतो, पण टी-२ सारख्या दुसऱ्या विषांना त्याचा फारसा उपयोग नाही. प्रोपिऑनिक अ‍ॅसिड नवी बुरशी अडवतं, आधी तयार झालेलं विष काढत नाही.

तर माझा कौल असा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पावसाळाभर पेलेटच घ्या, पोत्यावरची तारीख बघून, आठ-दहा दिवसांपुरतं. अथणी, गोकाक, बैलहोंगलकडे वाळलेला मका जवळ मिळत असेल तर नोव्हेंबर ते मे घरचा भरडा बिनधास्त करा. निपाणी, चिकोडी, हुक्केरीवाल्यांनी मिठाच्या बाटलीला विचारावं. पिल्लांना पहिले सहा आठवडे मात्र सगळीकडे कंपनीचं क्रंबलच, म्हणजे पेलेटचा बारीक चुरा.

पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उंदरांच्या लेंड्यांतून साल्मोनेला येतो, तेव्हा आचेतून गेलेलं पेलेटही तुमच्या शेडमध्ये पुन्हा दूषित होऊ शकतं. आणि बाजारात स्वस्त मिळणारी जुनी पोती भरड्याला घेऊ नका. ती आधी कुणाच्या शेडमध्ये होती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.