त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवरील अक्षरे : एम.डी. की डिप्लोमा?

त्वचारोगतज्ज्ञाच्या नावापुढे एम.डी. असो वा डी.डी.व्ही.एल. (त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोगाचा डिप्लोमा), एमबीबीएसची साडेचार वर्षे, एक वर्षाची इंटर्नशिप आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा ही वाट दोघांनीही तुडवलेली असते. फरक त्यानंतरचा आहे. एम.डी.ला तीन वर्षे लागतात आणि प्रबंध लिहावा लागतो. डिप्लोमा दोन वर्षांत, प्रबंधाविना पूर्ण होतो. त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तिन्ही विषय मात्र दोन्हीकडे असतात, हे फेशियल आणि लेझरच्या जाहिराती पाहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

ओपीडीतील रोजच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही. गजकर्णाच्या चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडने खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे, किंवा कुष्ठरोगाच्या संशयात कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन नमुना घ्यायचा, हे दोघेही शिकलेले असतात. पेम्फिगससारख्या फोडांच्या गंभीर आजारात, जिथे रुग्णाला वॉर्डात ठेवून औषधांची मात्रा सांभाळावी लागते, तिथे एम.डी.चे जादा वर्ष उपयोगी पडते, असे माझे मत आहे. अध्यापनात पुढे जायचे असेल तर सहसा एम.डी. किंवा डी.एन.बी. (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एम.डी.च्या तोडीची पदवी) लागते, डिप्लोमाधारकांना दोन वर्षांच्या डी.एन.बी.चा मार्ग खुला असतो. गावात दवाखाना टाकणाऱ्याला डिप्लोमा पुरेसा ठरतो.