पिंजऱ्याबाहेरची अंडी: सुटी गावरान की केज-फ्री बॉक्स?

पिंजऱ्यातल्या कोंबडीची अंडी बंद करायची इथवर तुमचं ठरलं असेल, तर मुंबईत दोन वाटा उरतात. बाजारात सुटी मिळणारी गावरान, नाहीतर ‘केज-फ्री’ छापलेला बॉक्स. आमच्या घरात दोन्ही वापरून झालं आहे.

चवीला गावरान पुढे, माझ्या जिभेला तरी. बलकाच्या रंगावर मात्र जाऊ नका. तो खाद्यातून येतो. मका किंवा झेंडूच्या पाकळ्या घातल्या की पिंजऱ्यातली कोंबडीही तसाच गडद बलक देते. कवचाचा तपकिरी रंग जातीवर अवलंबून. कोंबडी कशी जगली हे या दोन्हींवरून कळत नाही.

खरी गावरान कोंबडी उकिरडा उकरते, धुळीत अंग घोळते, रात्री खुराड्यात जाते. शिवाय तिथे कोंबडेही वाढवले जातात. अंड्यांसाठीच्या लेअर जातींत नर पिल्लं सहसा हॅचरीतच मारून टाकतात, आणि केज-फ्री फार्मच्या कोंबड्याही बहुधा अशाच हॅचरीतून येतात. ही गोष्ट मला अजून टोचते. केज-फ्री म्हणजे मोकळं रानही नव्हे. बंद शेड, खाली भाताचं तूस, बसायला दांड्या, अंडी घालायला आडोसा. पण पंख पसरता येतात. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे ए-फोर कागदाहून कमी.

एवढं असूनही आमच्याकडे बॉक्स येतो, तो एका प्रश्नापायी. ‘कोंबड्या कुठल्या?’ दादरच्या बाजारात विचारलं की उत्तर येतं, ‘गावच्या.’ कुठलं गाव? कधी पालघर, कधी नाशिककडचं, कधी नुसतं ‘माल वरून येतो.’ विकणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्याकडेही ट्रे घाऊक बाजारातूनच येतो. पण देशी कोंबडी वर्षाला साधारण ६०-७० अंडी देते आणि मध्येच खुडूक बसते. लेअर ३००च्या आसपास देते. मग एवढ्या मोठ्या शहरात बारा महिने ट्रेच्या ट्रे गावरान कुठून येतात? दर खेपेला हीच शंका घेऊन घरी यायचं, हे मला जमेना. युरोपीय संघात अंड्यावरच आकडा छापतात. ३ म्हणजे पिंजरा. आपल्याकडे सुट्या अंड्यावर काहीच नसतं. बॉक्सवर निदान कंपनीचं नाव-पत्ता असतो, फोन करून विचारता येतं. मी विचारलं, आणि शेडचे फोटोही मिळाले. तो काही पुरावा नव्हे, पण उत्तर द्यायला कुणीतरी बांधील आहे.

बॉक्स महाग पडतो, आमच्या भागात पांढऱ्या अंड्यांच्या जवळपास दुप्पट. आम्ही अंडी थोडी कमी केली. घेताना ‘केज-फ्री’ स्पष्ट लिहिलंय का ते बघा. हिरव्या कुरणाचं चित्र आणि ‘फार्म फ्रेश’ला काही अर्थ नाही. त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. अर्थात अलिबागच्या आत्याच्या परसातली अंडी तुसाच्या डब्यातून येत असतील, तर बॉक्सच्या नादी लागूच नका.

बाहेरच्या खाण्याचं मात्र वेगळं. भुर्जीपाव किंवा बेकरीतला मावा केक घेताना अंडी पिंजऱ्यातलीच असणार हे धरून चालावं लागतं. तिथे मला अजून पर्याय सापडलेला नाही.