तिकीट न काढता सोडतीची धाकधूक : वही, ॲप की तंबोला?

लॉटरीच्या तिकिटावर पैसे घालायचे नाहीत, पण निकालाआधीची धाकधूक मात्र हवी आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासमोर तीन मार्ग आहेत. एक म्हणजे मनातला आकडा वहीत लिहून तो खऱ्या सोडतीच्या निकालाशी ताडून पाहणे, दुसरा मोबाईलवर फुकट लॉटरीचे ॲप घेणे आणि तिसरा घरच्यांना जमवून पैशांविना तंबोला मांडणे. हे तिन्ही मी करून पाहिले आहेत. माझा कल वहीकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. अर्थात स्वभावाप्रमाणे एखाद्याची निवड वेगळी असू शकेल.

ॲपची सोय नाकारता येत नाही. हवे तेव्हा खेळता येते, कोणाची वाट पाहावी लागत नाही आणि जाहिरातींचा त्रासही कदाचित सवयीने अंगवळणी पडला असता. मला शेवटपर्यंत खटकत राहिली ती ‘आणखी एक संधी’. मी वापरलेल्या ॲपमध्ये आकडा लागला नाही की लगेच एखादी जाहिरात पाहून नवे तिकीट घेण्याचे आमंत्रण येई, तेही लागले नाही की पुढचे, आणि अशी तिकिटे कितीही मिळत असल्यामुळे हातातल्या एका तिकिटाला काही मोलच उरत नसे. सोडतीतली खरी गंमत माझ्या मते आकडा एकदा ठरल्यावर तो बदलता न येण्यात आणि निकालापर्यंतचा वेळ काढावा लागण्यात आहे; ॲपने नेमक्या या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या होत्या. न लागल्याची चुटपुट वाटेना, म्हणून लागल्याचा आनंदही वाटेना. पुढे त्याच ॲपवर पैसे लावून खेळायच्या खेळांच्या सूचना येऊ लागल्या, तेव्हा ते काढून टाकणे मला श्रेयस्कर वाटले.

वहीच्या खेळात वाट पाहणे आपोआप येते, कारण ते कायद्यातच आहे. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार कोणत्याही एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच काढता येते आणि बंपर सोडती वर्षाला सहाच होऊ शकतात. केरळमध्ये दररोज दुपारी तीन वाजता सोडत निघते, ती म्हणूनच प्रत्येक वारी निराळ्या नावाच्या लॉटरीची असते. यांपैकी एकच वार धरावा, सोडतीपूर्वी चार अंकी आकडा शाईने लिहावा, खाली तारीख घालावी आणि शक्य असल्यास वही घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यावी, असे मी सुचवीन. एका आकड्याची एका जागी जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक असली, तरी केरळच्या निकालात खालची बक्षिसे शेवटच्या चार अंकांवर असतात आणि त्यासाठी जाहीर होणाऱ्या आकड्यांच्या रांगाच्या रांगा असतात. त्यामुळे अधूनमधून आपला आकडा खरोखर सापडतो, आणि यादीवरून बोट फिरवताना आपल्या आकड्याच्या आसपास पोहोचल्यावर जे वाटते, ते मला ॲपवर कधीही अनुभवता आले नाही.

या मार्गावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, आकडा लागला तर तिकीट न काढल्याची हळहळ जन्मभर पुरेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि महाराष्ट्रात राहूनही केरळचा निकाल धरण्याचे कारण हेच आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या त्या लॉटरीची तिकिटे अधिकृतपणे केरळमध्येच विकली जातात. शिवाय ती छापील असल्याने विक्रेत्याकडे जे आकडे आले असतील त्यांतूनच निवडावे लागते. मी वहीत लिहिलेला आकडा मला येथे विकत मिळालाच नसता, तेव्हा बक्षीस हुकले असे म्हणायला आधारच राहत नाही. १९६९ पासून चालत आलेल्या आपल्या राज्याच्या लॉटरीचा निकालही याच कामी येईल, मात्र तिचे तिकीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि मोह तेथेच उभा असतो. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना तर तेथील लोट्टो धरून हा खेळ खेळण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण ५९ पैकी सहा आकडे खेळणारा स्वतः निवडतो आणि त्यामुळे हळहळीला खरा आधार मिळतो. त्यांच्यासाठी १९५६ पासून चालू असलेले प्रीमियम बाँड, म्हणजे व्याजाऐवजी सोडतीने बक्षिसे देणारे सरकारी बचत रोखे, आहेत. त्यांत मुद्दल सुरक्षित राहते, फक्त व्याजावर पाणी सोडावे लागते.

तंबोल्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. कोजागरीला किंवा गणपतीत माणसे जमली असताना त्याला तोड नाही आणि ‘जलद पाच’साठी, म्हणजे तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे सर्वांआधी खोडण्यासाठी, चाललेली चढाओढ लहानांनाही समजते. एरवी मात्र चार माणसे एका वेळी बसवणे कठीण जाते आणि आकडे पुकारणाऱ्याला स्वतः खेळता येत नाही. तरीही घरात लॉटरीपायी पैसा गमावलेले कोणी असेल, तर मी माझी आवड बाजूला ठेवून तंबोलाच निवडीन. निकालपत्रक दर आठवड्याला त्या व्यक्तीच्या नजरेस पडणे योग्य नाही, आणि वहीतला आकडा एकदा जरी जुळला, तरी तिच्या मनात तिकिटाचा विचार पुन्हा जागा होऊ शकतो.