अप्पा बळवंत चौकात दहावीची खरेदी, तीस वर्षांनी

१९९४ साली बाबांच्या लुनावर मागे बसून दहावीची पुस्तकं घ्यायला पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात आले होते. परवा त्याच गल्लीतल्या एका तशाच चिंचोळ्या दुकानात लेकीला घेऊन गेले. रीत तीच. "सेमी की मराठी?" एवढाच प्रश्न, मग माळ्यावरचा पोरगा गठ्ठा खाली सोडतो नि खालचा न बघता झेलतो. सुतळी जाऊन कॅरीबॅग आली आणि विज्ञानाचे दोन भाग झाले, बाकी सगळं जागच्या जागी.

लेक म्हणाली, "आई, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते की." मिळते. पण तिनेच नंतर निम्म्या किमतीतला जुना इतिहास उचलला. समासात पेन्सिलीने "व्ही. इम्प.", एका चित्राला काढलेल्या मिशा, शेवटच्या पानावर कुणाचा तरी इन्स्टा आयडी. आमच्या वेळी तिथे बाण मारलेलं बदाम असायचं. मिशा मात्र अगदी तशाच!

तक्रार एकच. सेमी सांगूनही घरी येऊन बघते तर बीजगणित मराठी माध्यमाचं. बदलायला गेले तर "विकलेला माल परत नाही" या पाटीकडे बोट. पावती दाखवून दहा मिनिटं हुज्जत घातली, तेव्हा बदललं. तेव्हा काउंटरवरच पुस्तकं उघडून बघा. सकाळी दुकान उघडताच जा आणि गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. पाचापैकी साडेतीन.